बिनसाखरेचा चहा आणि हॉवर्ड शुल्ट्झचं पुस्तक

सकाळी सव्वासहाला आमचं शटर वर जातं. भवानी होते ती फिरून आलेल्या सात-आठ मंडळींकडून. बहुतेक साठीच्या पुढची, आणि त्यांतल्या पाच जणांना चहा बिनसाखरेचा लागतो. काही वर्षांपूर्वी याच जागी, याच माणसांना मी "बिनसाखरेचा मिळत नाही काका" असं सांगत होते. तेव्हा आमच्याकडे एका चहावाल्या कंपनीची फ्रँचायझी होती. डिपॉझिट आणि फी मिळून साडेचार लाख भरले होते. बोर्ड त्यांचा, कप त्यांचे, चहात घालायची पुडीही त्यांचीच, आणि साखर त्या पुडीतच मिसळून यायची. काका मंडळी दोन-चार दिवस आली, मग समोरच्या टपरीवर जाऊ लागली. मी कंपनीच्या माणसाला फोन केला, दोनदा केला. "मॅडम, चव सगळीकडे एकच पाहिजे," एवढंच उत्तर मिळालं. दहाव्या महिन्यात त्याच बोर्डाचं दुसरं दुकान आमच्यापासून सहाशे मीटरवर उघडलं. बाविसाव्या महिन्यात मी बोर्ड उतरवला. त्या कंपनीचं नाव इथे घेत नाही.

हे आधी सांगितलं, कारण ज्या पुस्तकाबद्दल लिहिते आहे ते मी एक दुकानदारीण म्हणून वाचलं आहे. पुण्यात नोकरी करणाऱ्या भाच्याने दिवाळीत आणून दिलं. स्टारबक्स ही अमेरिकी कॉफी कंपनी मोठी करणाऱ्या हॉवर्ड शुल्ट्झ यांचं 'पोअर युअर हार्ट इनटू इट', म्हणजे 'जीव ओतून कर' असं काहीसं. डोरी जोन्स यांग या पत्रकार बाईंच्या साथीने लिहिलेलं, १९९७ साली आलेलं, साडेतीनशेच्या आसपास पानांचं. माझं इंग्रजी बेताचं. रात्री गल्ला मोजून झाला की अर्धा तास, मोबाईलवर शब्द बघत बघत, असं तीन महिने वाचलं. शेवटची शंभर पानं रेटून वाचली. पहिली दोनशे मात्र परत वाचली आहेत.

स्टारबक्स शुल्ट्झनी काढली असं मला वाटायचं. तसं नाही, आणि ते स्वतःच हे मोकळेपणाने सांगतात. जेरी बाल्डविन, गॉर्डन बोकर आणि झेव्ह सीगल या तीन मित्रांनी १९७१ मध्ये सिएटलमध्ये ते दुकान काढलं. तिथे कॉफी प्यायला मिळतच नव्हती. भाजलेल्या बिया विकायच्या, गिऱ्हाइकाने घरी नेऊन दळायच्या. आपल्याकडे चहापत्तीवाला असतो ना, डब्यातून पत्ती काढून वास घ्यायला लावणारा, तसं. शुल्ट्झ तेव्हा न्यूयॉर्कमध्ये हॅमरप्लास्ट नावाच्या स्वीडिश कंपनीची घरगुती भांडी विकायचे. थर्मासवर बसवायचं प्लॅस्टिकचं कॉफीचं गाळणं सिएटलचं एक चिमुकलं दुकान मोठमोठ्या स्टोअरपेक्षा जास्त का मागवतंय, हे बघायला ते १९८१ मध्ये तिकडे गेले. त्या बियांच्या वासाने ते असे खिळले की वर्षभर बाल्डविन यांच्या मागे लागून १९८२ मध्ये तिथेच नोकरीला लागले. मधे एकदा नकारही आला होता. दुसऱ्या दिवशी परत फोन करून त्यांनी होकार मिळवला.

पण पुस्तक सुरू होतं ते कॉफीने नाही, मोडलेल्या घोट्याने. जानेवारी १९६१. ब्रुकलिनमधली कनार्सी वस्ती, सरकारी घरं. हॉवर्ड सात वर्षांचा. वडील फ्रेड ट्रकवर काम करायचे, घरोघरचे बाळांचे कापडी लंगोट गोळा करायचे आणि धुतलेले पोचवायचे. बर्फावरून घसरून त्यांचा पाय मोडला. विमा नाही, नुकसानभरपाई नाही, काम नाही तर पगार नाही. आई सात महिन्यांची गरोदर. प्लास्टर घातलेला पाय सोफ्यावर टाकून बसलेला बाप, ही आठवण पुस्तकभर पुन्हा पुन्हा येते. १९८८ च्या जानेवारीत वडील कर्करोगाने गेले. आपल्या कामाचा मान कधीच न मिळालेला माणूस, असं शुल्ट्झ त्यांच्याबद्दल लिहितात.

हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. फ्रँचायझीच्या काळात आमच्याकडे चहा उकळणारा एकोणीस वर्षांचा पोरगा होता, पेठ तालुक्यातला. दुधाचं पातेलं उतरवताना फडकं निसटलं आणि मनगटापासून कोपरापर्यंत हात भाजला. सरकारी दवाखान्यात नेलं, मलम-पट्टी झाली. तो अठरा दिवस आला नाही. मी त्याला चार दिवसांचा पगार दिला. धंदा तोट्यात होता हे खरं आहे, पण अठरा दिवस त्याच्या घरी काय शिजलं असेल हे मी विचारलं नाही हेही खरं आहे. हात बरा झाल्यावर तो आला तो हिशेब करायला.

पुस्तकातला सगळ्यात भक्कम भाग याच्याशीच बांधलेला आहे. १९८७ च्या ऑगस्टमध्ये शुल्ट्झनी ३८ लाख डॉलर उभे करून स्टारबक्स विकत घेतली. कंपनी तोट्यात होती. त्यांनी दिलेले आकडे असे: १९८७ मध्ये ३ लाख ३० हजार डॉलर तोटा, १९८८ मध्ये ७ लाख ६४ हजार, १९८९ मध्ये १२ लाख. आणि त्याच १९८८ साली त्यांनी संचालकांपुढे प्रस्ताव ठेवला की आठवड्याला २० तास काम करणाऱ्या अर्धवेळ माणसांनाही पूर्ण आरोग्य विमा द्यायचा. संचालक म्हणाले, आधीच बुडतोय, हे काय काढलंस? शुल्ट्झनी हिशेब मांडला. नवा माणूस घेऊन तयार करायला ३,००० डॉलर लागतात, एका माणसाच्या सोयींचा वर्षाचा खर्च १,५०० आहे. माणूस टिकला तर पैसे वाचतात. हा हिशेब मी आमच्या गल्ल्याच्या वहीत मांडून पाहिला. नवा पोरगा आला की पहिले पंधरा दिवस दूध उतू जातं, उधारी लिहायची राहते, कोणाला कडक लागतो आणि कोणाला आल्याचा हे कळायला महिना जातो. तोवर गिऱ्हाईक तोंड वाकडं करून जातं. हे नुकसान कुठल्याच वहीत लिहिलेलं नसतं, म्हणून ते होतच नाही असं आपण धरून चालतो.

एक जुना दुकान-व्यवस्थापक त्यांच्या ऑफिसात येऊन आपल्याला एड्स झाल्याचं सांगतो, तो प्रसंगही आहे. त्या काळात हे तोंडाने उच्चारणंसुद्धा अवघड होतं. काम थांबल्यापासून सरकारी मदत सुरू होईपर्यंत कंपनीचा विमा त्याला सांभाळतो. शुल्ट्झ हा प्रसंग फार लांबवत नाहीत, आणि त्यामुळेच तो खरा वाटतो.

१९८३ च्या इटलीच्या फेरीबद्दल सगळेच बोलतात, त्यामुळे मी थोडक्यात आटोपते. मिलानला प्रदर्शनाला गेले, गल्लोगल्ली कॉफीचे बार पाहिले, कॉफी करणारा माणूस गिऱ्हाइकाला नावाने हाक मारतो हे पाहिलं, व्हेरोनात पहिल्यांदा लाटे, म्हणजे भरपूर दूध घातलेली कॉफी, प्यायले. परत येऊन मालकांना म्हणाले, आपण कॉफी प्यायला देऊ. मालक तयार नव्हते. एका दुकानाच्या कोपऱ्यात करून पाहू दिलं, ते चाललं, तरीही नाहीच म्हणाले. मग १९८५ मध्ये ते बाहेर पडले आणि 'इल जोर्नाले' नावाचा स्वतःचा कॉफीचा धंदा काढला. त्यासाठी पैसे मागायला ते वर्षभर २४२ माणसांकडे गेले. २१७ जणांनी नाही म्हटलं. त्या वर्षात पत्नी शेरी गरोदर होती, ती नोकरी करून घर चालवत होती, आणि सासऱ्यांनी त्यांना बाजूला घेऊन "आता एखादी नोकरी बघ" असं सांगितलं. ही पानं मला अगदी आपल्या घरातली वाटली. जावयाला असं बोलायला तिकडच्या सासऱ्यालाही केवढा जीव घट्ट करावा लागला असेल.

'इल जोर्नाले'चं पहिलं दुकान एप्रिल १९८६ मध्ये उघडलं. इटलीसारखं हुबेहूब करायचं म्हणून खुर्च्या ठेवल्या नाहीत, ऑपेराचं संगीत लावलं, पोरांच्या गळ्यात बो-टाय घातले. लोक म्हणाले, बसायला जागा द्या आणि ते गाणं बंद करा. त्यांनी ते ऐकलं. आता माझा मुद्दा इथे आहे. असाच प्रसंग पुढे दुधाचा येतो. शुल्ट्झ सायीच्या दुधावर अडून बसले होते. बिनसायीचं दूध घातलं तर खरी इटालियन कॉफी राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. हॉवर्ड बेहार नावाचे त्यांचे सहकारी म्हणत होते, लोक मागतायत तर द्या. यावरून कंपनीत बरीच वादावादी झाली. मग एके दिवशी शुल्ट्झ स्वतः एका दुकानात जाऊन उभे राहिले. एक तरुण बाई आली, तिने बिनसायीच्या दुधाची लाटे मागितली. काउंटरवरचा म्हणाला, ती मिळत नाही. ती बाई सुस्कारा टाकून दुसऱ्याच्या दुकानात निघून गेली. तिथे वाद संपला.

हा परिच्छेद मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. तो म्हणाला, "आपले काका." हो, आपले काकाच. फरक एवढाच की मालक स्वतः त्या काउंटरजवळ उभा होता आणि बदल करायचा हक्क त्याच्याच हातात होता. आमच्याकडे ऐकणारी मी होते आणि हक्क शंभर कोसांवरच्या ऑफिसात होता. फ्रापुचिनोची, म्हणजे बर्फ घालून घुसळलेल्या थंड कॉफीची, गोष्टही तशीच आहे. ते पेय कॅलिफोर्नियातल्या दुकानांतल्या माणसांनी सुचवलं, शुल्ट्झ विरोधात होते, १९९५ मध्ये ते बाजारात आलं आणि धडाक्याने चाललं. आपण चुकलो हे त्यांनी लिहून ठेवलं आहे. काउंटरमागच्या माणसाचं म्हणणं वरपर्यंत पोचायची वाट उघडी राहिली, यामुळे ते दुकान तरलं, असं मला हे पुस्तक वाचून वाटतं.

आणि म्हणून फ्रँचायझीबद्दल त्यांनी लिहिलेलं वाचताना मला वाईटही वाटलं आणि कुणीतरी आपली बाजू मांडतंय असंही वाटलं. लोकांचा समज आहे की स्टारबक्स फ्रँचायझीवर वाढली. शुल्ट्झ ठामपणे सांगतात की आम्ही ती वाट मुद्दाम टाळली, कारण मध्ये दुसरा मालक आला की आमच्यात आणि गिऱ्हाइकात भिंत उभी राहते. विमानतळासारख्या जागी, जिथे दुसऱ्या कंपनीकडेच जागा असते, तिथे त्यांनी परवाना दिला. बाकी दुकानं स्वतःची ठेवली. दुसऱ्याच्या भांडवलावर झपाट्याने वाढायचा सोपा रस्ता समोर असताना ते बँका आणि गुंतवणूकदारांच्या दारात जात राहिले. आपल्याकडेही १९ ऑक्टोबर २०१२ ला मुंबईत हॉर्निमन सर्कलच्या एल्फिन्स्टन बिल्डिंगमध्ये पहिलं दुकान उघडलं ते टाटांबरोबर निम्म्या-निम्म्या भागीदारीत. कॉफीही टाटांचीच, आपल्या मातीतली. मी तिथे एकदा गेले आहे. दगडी कमानी, लाकडी टेबलं आणि भाजलेल्या बियांचा वास. बसून राहिले तरी कोणी उठवलं नाही. कॉफी मला जरा करपट लागली, पण जिभेला उकळलेल्या चहाची सवय, त्यामुळे त्यावर मी काही बोलणार नाही.

पुस्तकात मला जे पटलं नाही तेही सांगते. माझं माहेर निफाडचं. थंडीत तिथे पारा इतका उतरतो की द्राक्षवेलींवर दव गोठतं आणि माझे भाऊ पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. त्यामुळे १९९४ च्या जून-जुलैत ब्राझीलमध्ये दोनदा कडाक्याची थंडी पडली आणि कॉफीची झाडं करपली, हे प्रकरण मी श्वास रोखून वाचायला घेतलं. शुल्ट्झ सांगतात ते न्यूयॉर्कच्या बाजारातला भाव कसा भडकला, आपण चढ्या भावाने माल घेऊन ठेवला आणि नंतर भाव उतरल्यावर कसे अडकलो, हे. खरेदीदाराची झोप कशी उडाली ते कळतं. पण ज्याची झाडं जळाली तो कुठे आहे? त्याच्या बायकोने त्या सकाळी काय पाहिलं? ज्या माणसाने बापाच्या घोट्यावर इतकं मन लावून लिहिलं, त्याला मळ्यातल्या माणसासाठी चार पानं सुचायला हवी होती.

दुसरी गोष्ट युनियनची. त्यांनी कंपनी घेतली तेव्हा दुकानांत युनियन होती. माझ्यावर विश्वास बसला तर यांना युनियनची गरज वाटणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि पुढे दुकानांतल्या लोकांनी युनियन सोडलीही. १९९७ पर्यंतच्या पुस्तकात ही विजयाची गोष्ट म्हणून येते. पण डिसेंबर २०२१ मध्ये बफेलो शहरातल्या दुकानाने पुन्हा युनियन निवडली, मग इतर ठिकाणीही लोण पोचलं, आणि मार्च २०२३ मध्ये शुल्ट्झना अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे बसून त्याबद्दल उत्तरं द्यावी लागली. मी नोकर ठेवणारी आहे, तरी मला वाटतं की मालक चांगला असणं ही सोय आजच्यापुरती असते. उद्या मालक बदलतो, भाव पडतात, त्याच मालकाला तीन रात्री झोप लागत नाही. माझ्या त्या पोराला मी वाईट मालकीण नव्हते. तरी त्याला चौदा दिवसांचे पैसे मिळाले नाहीत.

१९९१ पासून त्यांनी अर्धवेळच्या माणसांनाही पगाराच्या १२ टक्के मोलाचे शेअर घ्यायचे हक्क दिले आणि कामगारांना 'पार्टनर' म्हणायला सुरुवात केली. चांगलीच गोष्ट आहे. पण ती वाचताना मला इंडियन कॉफी हाउस आठवलं. १९५० च्या दशकात सरकारी कॉफी बोर्ड आपली ही कॉफी हाउसं बंद करायला निघालं तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनीच सहकारी संस्था काढल्या, पहिली १९५७ मध्ये बंगळूरला. तुरेवाला फेटा बांधून कॉफी आणून देणारा माणूस त्या संस्थेचा सभासद असतो. त्याला दुसरं नाव द्यावं लागत नाही. ती गोष्ट अशीच जीव ओतून, साडेतीनशे पानांत, मराठीत कोणी लिहिली तर मी दहा प्रती घेईन.

शेअर बाजारात उतरल्यानंतरचा, म्हणजे जून १९९२ नंतरचा भाग मला जड गेला. दुकानं वाढत जातात, टोकियोपर्यंत पोचतात, आणि प्रत्येक प्रकरणात शिकवण येते. माणसं कमी दिसतात, निर्णय जास्त दिसतात. पुढे २००८ मध्ये धंदा घसरल्यावर शुल्ट्झ परत मुख्याधिकारी झाले आणि फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी अमेरिकेतली ७,१०० दुकानं एकदम बंद ठेवून कॉफी कशी काढायची ते सगळ्यांना पुन्हा शिकवलं. ते या पुस्तकात अर्थातच नाही. पण त्याचं बी या शेवटच्या शंभर पानांत दिसतं. वाढीचा वेग बघून ते स्वतःही मधूनमधून बिचकतात, आणि तरी वेग कमी करत नाहीत.

आता आमच्याकडे दोघं आहेत. एक मावशी आणि एक पोरगा. दोन-तीन माणसांच्या दुकानाला ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, लागू होत नाही. दोघांची बँक खाती काढून वर्षाला २० रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना घेतली. ती अपघाती मृत्यू आणि कायमचं अपंगत्व आलं तर पैसे देते. घोटा मोडला किंवा हात भाजला, तर नाही. म्हणून गल्ल्यातून रोज ४० रुपये वेगळ्या डब्यात टाकते आणि दोघांना सांगून ठेवलं आहे की कामावर काही झालं तर महिनाभराचा पगार चालू राहील. डब्यावर कागद चिकटवून तसं लिहून सहीही केली आहे, कारण तोंडी सांगितलेलं माझ्याच लक्षात राहणार नाही अशी वेळ येऊ शकते. पेठच्या त्या पोराचा फोन लागत नाही. त्याच्या गावचा एक जण भाजी घेऊन येतो, त्याच्याकडे निरोप दिला आहे.

पुस्तक कुणी वाचावं? ज्याला दुकान काढायचं आहे, त्याने पहिली दोनशे पानं नक्की. मोडलेला घोटा, २४२ माणसं, १९८८ चा विमा आणि बिनसायीचं दूध एवढं वाचलं तरी पैसे वसूल. इंग्रजी साधं आहे, माझ्यासारखीला जमलं. प्रत दुकानातच ठेवली आहे, फ्रिजच्या वर, प्लॅस्टिकच्या पिशवीत, वाफेने खराब होऊ नये म्हणून. कॉलेज रोडच्या बाजूला कोणी फ्रँचायझीचा करार हातात घेऊन फिरत असेल तर त्याने सही करायच्या आधी एकदा यावं. चहा माझ्याकडून. पुस्तक घेऊन जावं, महिन्याने परत आणून द्यावं, आणि करारात दोन कलमं आहेत का ते माझ्यासमोर बसून शोधावं: शेजारचं दुकान किती अंतरावर उघडणार, आणि साखर वेगळी मिळणार का.